मानवणे आणि बाधणे : शरीरातील उष्ण-थंड समतोलाच्या आहारकल्पनेचा इतिहास (मुकुटबन परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, झरी-जामणी तालुक्यात मुकुटबन हे गाव वसलेले आहे. दक्षिणेला पैनगंगा आणि पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. या परिसरात वऱ्हाडी मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी या चार भाषा कानावर पडतात. भाषा बदलली तरी स्वयंपाकघरातील एक विचार मात्र फारसा बदलत नाही. तो विचार असा, की प्रत्येक खाद्यपदार्थ एकतर उष्ण असतो किंवा थंड, आणि शरीरात या दोहोंपैकी एकाचे आधिक्य झाले की माणूस आजारी पडतो. तोंड आले, उन्हाळी लागली, अंगावर पुळ्या उठल्या तर ‘उष्णता झाली’ असे म्हटले जाते. सांधे धरले, नाक वाहू लागले, अंग जड झाले तर ‘थंड बाधले’ असे निदान घरातच होते आणि उपचारही घरातच सुरू होतो.

चिनी वैद्यकातील यिन आणि यांग ही जोडी गेल्या काही दशकांत आरोग्यविषयक लोकप्रिय लेखनातून मराठी वाचकाच्या परिचयाची झाली आहे. आहारविहाराच्या साहाय्याने शरीरातील यिन-यांगचा समतोल साधावा, हा तिचा गाभा. आपल्याकडील उष्ण-थंड म्हणजे तेच, असे समीकरणही अनेकदा मांडले जाते. दुसरीकडे, ‘हे सर्व आयुर्वेदात सांगितलेले आहे’ असे म्हणून विषय संपवण्याची प्रवृत्तीही आढळते. प्रस्तुत निबंधात या दोन्ही सोप्या उत्तरांची ऐतिहासिक तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी आयुर्वेदाच्या संहिता व मध्ययुगीन ग्रंथ, मराठी भाषेतील शब्दसंपत्ती, वनस्पतींच्या स्थलांतराचा इतिहास आणि परिसरातील ज्येष्ठ स्त्रियांशी झालेली अनौपचारिक संभाषणे यांचा आधार घेतला आहे. उष्ण-थंडाची कल्पना कोठून आली, हा पहिला प्रश्न. समतोल कोणाच्या शरीराचा आणि तो ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे.

१. यिन-यांग आणि अग्नी-सोम

चिनी वैद्यकाचा आद्य ग्रंथ मानला जाणारा ‘हुआंगदी नेइजिंग’ इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या दोन शतकांच्या सुमारास आकारास आला. सावली, रात्र, शीत आणि स्थैर्य यांचा संबंध यिनशी. तर ऊन, दिवस, उष्ण आणि गती यांचा संबंध यांगशी जोडला गेला. या विचारात दोन तत्त्वे एकमेकांची शत्रू नाहीत. एकाचा अतिरेक झाला की त्यातूनच दुसरे जन्म घेते. पुढे सुन सिमियाओ या वैद्याने इ. स. ६५२ च्या सुमारास पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात आहारचिकित्सेला स्वतंत्र स्थान दिले. आधी आहाराने रोग हटवावा आणि ते न साधल्यासच औषधाकडे वळावे, ही त्याची भूमिका होती.

भारतीय परंपरेत या जोडीला सर्वांत जवळची कल्पना सुश्रुतसंहितेत सापडते. जग हे अग्नी आणि सोम या दोन तत्त्वांचे बनलेले असल्याने द्रव्याचे वीर्य, म्हणजे त्याची कार्यशक्ती, उष्ण आणि शीत अशी दोन प्रकारची असते, असे मत तेथे नोंदवले आहे. चरकसंहितेने वर्षाचेही असेच दोन भाग केले. सूर्य बल हरण करतो तो आदानकाळ आणि सोम बल देतो तो विसर्गकाळ. शिशिर, वसंत, ग्रीष्म हे पहिल्यात. वर्षा, शरद, हेमंत हे दुसऱ्यात. यिन-यांगच्या ऋतुचक्राशी याचे साम्य कोणाच्याही लक्षात येईल.

साम्याइतकाच भेदही महत्त्वाचा आहे. आयुर्वेदात उष्ण-शीत ही वीस गुणांच्या दहा जोड्यांपैकी केवळ एक जोडी होय. रोगाचा विचार मुख्यतः वात, पित्त, कफ या तीन दोषांच्या आधारे होतो. वात आणि कफ दोन्ही शीत असले तरी वात रूक्ष आहे आणि कफ स्निग्ध. त्यामुळे ‘थंड’ एवढ्या एका शब्दाने वैद्याचे काम भागत नाही. चिनी विचार दोनांवर उभा आहे, शास्त्रीय आयुर्वेद तिनांवर. मराठी घराने मात्र ‘वात’ आणि ‘पित्त’ हे शब्द बोलण्यात ठेवूनही पदार्थांचा निवाडा दोनांवरच आणला. हे संक्षेपीकरण ही ऐतिहासिक घटना आहे आणि ती समजून घेणे आवश्यक आहे.

दोन्ही परंपरांचा परस्परपरिचय जुना आहे. चिनी भिक्षू इत्सिंग इ. स. ६७१ मध्ये निघाला आणि ६९५ मध्ये परतला. त्याने आपल्या वृत्तांतात भारतातील अष्टांग वैद्यकाचा आणि लंघनाने रोग बरा करण्याच्या पद्धतीचा उल्लेख केला आहे. आधुनिक काळात १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यासमवेत नागपूरचे डॉ. चोळकर होते. याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून ते भारतात आणले. परंतु या संपर्कातून आपल्या स्वयंपाकघरातील उष्ण-थंड आले, असे म्हणण्यास आधार नाही. ते त्याहून जुने आहे आणि त्याची मुळे येथील मातीत शोधावी लागतात.

२. वरदातीरावरील वैद्यकपरंपरा

वणी-मुकुटबन भागाच्या पूर्वेकडून वाहणाऱ्या वर्धा नदीचे प्राचीन नाव वरदा. तेराव्या शतकात या नदीच्या काठी केशव नावाचा वैद्य होऊन गेला. त्याचा पुत्र बोपदेव हा ‘मुग्धबोध’ या व्याकरणग्रंथाचा कर्ता म्हणून प्रसिद्ध आहे. केशवाने ‘सिद्धमंत्र’ हा द्रव्यगुणविषयक ग्रंथ लिहिला आणि बोपदेवाने त्यावर ‘प्रकाश’ ही टीका रचली. ग्रंथात द्रव्यांची वर्गवारी दोषांवरील परिणामांनुसार केली आहे. बोपदेवाचा आश्रयदाता, देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, याने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. म्हणजे आपल्याच परिसरातील पंडिती परंपरा तेराव्या शतकातही तीन दोषांचा सूक्ष्म हिशेब मांडत होती.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मूळचा महाराष्ट्रीय असलेल्या रघुनाथ पंडिताने ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ रचला. व्यंकोजीराजांची पत्नी दीपाबाई हिचा त्याला आश्रय होता. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे ग्रंथपाल प. कृ. गोडे यांनी या ग्रंथाचा काळ १६७५ ते १७०० असा निश्चित केला. धान्ये, भाज्या, पक्वान्ने आणि त्यांचे गुणदोष यांचा असा संग्रह एका राजस्त्रीच्या आश्रयाने व्हावा, ही गोष्ट लक्षणीय आहे. आहाराचे शास्त्र वैद्याच्या पोथीतून स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापर्यंत आल्याचे ते एक चिन्ह मानता येईल.

३. तब्येत, सर्दी, गरमी : भाषेची साक्ष

वऱ्हाडावर १४९० पासून इमादशाहीची सत्ता होती. १५७४ मध्ये ती निजामशाहीत विलीन झाली, १५९६ मध्ये प्रांत मोगलांकडे गेला आणि १७२४ नंतर तो हैदराबादच्या निजामाच्या अधिपत्याखाली आला. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. सध्याचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई; १९०५ च्या पुनर्रचनेत त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. या दीर्घ काळात दख्खनमध्ये युनानी वैद्यक रुजले. युनानी मतानुसार शरीरात चार रस असतात आणि प्रत्येक द्रव्याचा, तसेच प्रत्येक व्यक्तीचा, उष्ण-शीत व शुष्क-आर्द्र असा मिजाज असतो.

ग्रंथांच्या पातळीवर या दोन परंपरांची देवाणघेवाण झाली. विजापूरच्या दरबारातील इतिहासकार फिरिश्ता याने भारतीय वैद्यकावर फार्सीत ‘दस्तूर-उल्-अतिब्बा’ हा ग्रंथ लिहिला. गोव्यात १५३४ पासून राहिलेला आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार करणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादग्रंथात येथील औषधींच्या उष्ण-शीत गुणांची चर्चा केली आहे. ग्रीक, अरबी आणि भारतीय या तिन्ही परंपरांतील वैद्य एकाच पदार्थाच्या उष्णतेविषयी एकमेकांशी वाद घालू शकत होते, कारण उष्ण आणि शीत ही त्यांची सामाईक परिभाषा होती.

सामान्य माणसाच्या पातळीवरील देवाणघेवाणीचा पुरावा ग्रंथांत शोधण्याची गरज नाही. तो आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. ‘तब्येत’ हा शब्द अरबी ‘तबीयत’ म्हणजे प्रकृती यावरून आला. ‘सर्दी’ आणि ‘गरमी’ हे फार्सीतील ‘सर्द’ आणि ‘गर्म’ यांचे मराठी रूप. ‘थंडी’ हवेत पडते, ‘सर्दी’ शरीरात होते. ‘गरमी’ हा शब्द तर एकेकाळी गुप्तरोगासाठीही रूढ होता. तीन दोषांच्या आयुर्वेदाला आणि चार रसांच्या युनानीला जी एक जोडी समान होती, ती म्हणजे उष्ण-शीत. दोन वैद्यकांच्या छायेत जगणाऱ्या समाजाने नेमकी हीच सामाईक जोडी उचलली असावी, असे अनुमान करता येते. दोनांवर झालेल्या संक्षेपाचे हे एक समर्थ स्पष्टीकरण आहे.

४. पोथी आणि चूल : चार कसोट्या

लोकांमधील उष्ण-थंड ही आयुर्वेदाची केवळ घरगुती प्रत असती, तर दोन्हींतील निवाडे जुळावयास हवे होते. अनेक ठिकाणी ते जुळतातही; तीळ दोन्हीकडे उष्ण आहे आणि संक्रांतीच्या थंडीत तो खाल्ला जातो. परंतु पुढील चार उदाहरणे वेगळीच गोष्ट सांगतात.

पहिली कसोटी दह्याची. आपल्याकडे दही थंड मानतात. उन्हाळ्यात आवर्जून खातात आणि सर्दीत टाळतात. वाग्भटाने दही उष्ण म्हटले आहे आणि चरकाने शरद, ग्रीष्म व वसंत या ऋतूंत ते प्रायः निषिद्ध ठरवले आहे. दुसरी कसोटी गव्हाची. ‘ज्वारी थंड, गहू उष्ण’ हे महाराष्ट्रात सर्वदूर ऐकू येते. चरकाने मात्र गहू मधुर आणि शीतल म्हणून नोंदवला आहे. हा निवाडा ज्वारी खाणाऱ्या शेतकऱ्याचा आहे; ज्या पोटाला पिढ्यान्‌पिढ्या भाकरीची सवय, त्याला नव्याने आलेली पोळी जड गेली तर नवल नाही.

तिसरी कसोटी पपईची, आणि ती निर्णायक आहे. गरोदर स्त्रीने पपई खाऊ नये, ती उष्ण असते आणि गर्भ पडतो, ही समजूत मुकुटबन परिसरात ज्या खात्रीने सांगितली जाते ती पाहता ती अनादि वाटावी. परंतु पपई मूळची अमेरिका खंडातील. सोळाव्या शतकात ती युरोपीयांच्या जहाजांतून आशियात आली. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच प्रवाशाने १५९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिचे वर्णन केले आणि ती स्पॅनिश वसाहतींतून आल्याचे नमूद केले. चरक-सुश्रुतांना पपई ठाऊक असणे शक्य नाही. हीच गोष्ट मिरची, शेंगदाणा, बटाटा आणि अननस यांची. हे सारे अमेरिकेतून आले आणि प्रत्येकाला आपल्या चुलीने उष्ण वा थंड असे नाव दिले. चहा उशिरा आला, त्यालाही ‘उष्ण’ ही ओळख मिळाली. म्हणजे उष्ण-थंड ही एखाद्या जुन्या ग्रंथातील पदार्थांची बंद यादी नव्हे. नव्या पदार्थाला ओळखीच्या चौकटीत बसवून घेण्याची ती एक जिवंत रीत आहे.

चौथी कसोटी उन्हाळ्याची. चरकाच्या ग्रीष्मचर्येत थंड, मधुर, द्रव आहार सांगितला आहे. खारट, आंबट, तिखट पदार्थ आणि व्यायाम वर्ज्य सांगितले आहेत. दिवसा शीतगृहात झोप आणि रात्री चंद्रप्रकाशाने निवलेल्या गच्चीवर चंदनाचा लेप, असा तो विहार आहे. हे वर्णन कोणाचे आहे, हे वेगळे सांगावयास नको. झरी-जामणीच्या जंगलात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणाऱ्या आणि मे महिन्यात तेंदूपाने तोडणाऱ्या बाईला व्यायाम वर्ज्य करता येत नाही. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला तरी तिला पुडे बांधावेच लागतात. ती पिते ती ज्वारीची आंबील, मीठ घातलेले ताक, गूळ-मीठ घातलेले कैरीचे पन्हे. आदिलाबादच्या गोंडांमध्ये १९४० च्या दशकात संशोधन करणाऱ्या फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनीही ज्वारीच्या पातळ पेजेचे, ‘जावा’चे, त्यांच्या आहारातील स्थान नोंदवले आहे. ही पेये खारट आहेत, पुष्कळशी आंबटही आहेत. म्हणजे ग्रीष्मात ग्रंथाने वर्ज्य केलेले दोन्ही रस त्यांत आहेत.

आजच्या शरीरशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास चूक कोणाचीच नाही. घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातात. जो घाम गाळत नाही त्याला जादा मिठाची गरज नाही. जी दिवसभर उन्हात राबते तिला पाण्यासोबत मीठ न मिळाल्यास थकवा, पेटके आणि चक्कर येते. आंबिलीत पाणी, मीठ आणि पचण्यास हलके पिष्ट एकत्र येतात. ग्रंथाने सावलीतल्या शरीराचा समतोल सांगितला, तर चुलीने उन्हातल्या शरीराचा. लोकव्यवहारातील ‘थंड’ हा शब्द येथे श्रमाच्या अनुभवातून अर्थ घेतो, पोथीतून नव्हे.

५. मानवणे : व्याकरणातील एक न्याय

मराठीत या समतोलासाठी दोन सुंदर क्रियापदे आहेत : मानवणे आणि बाधणे. ‘मला ताक मानवते’, ‘तिला वांगे बाधते’, ‘हवा मानवली नाही’. या वाक्यांत खाणारा चतुर्थीच्या रूपात येतो. पदार्थ सर्वांना सारखाच उष्ण किंवा थंड असतो, असे ही क्रियापदे म्हणत नाहीत. अमुक पदार्थ अमुक व्यक्तीला कसा लागू पडतो, एवढेच ती सांगतात. आणि तो लागू पडला की नाही, याचा साक्षीदार ती व्यक्ती स्वतःच असते.

आयुर्वेदातील ‘सात्म्य’ ही संकल्पना याच्या अगदी जवळची आहे. सवयीने जे शरीराला सोसते ते ओकसात्म्य. चरकाच्या विमानस्थानात आहाराचा विचार करताना आठ गोष्टी पाहाव्यात असे म्हटले आहे : द्रव्याची प्रकृती, त्यावरील संस्कार, संयोग, मात्रा, देश, काळ, सेवनाचे नियम आणि शेवटी उपयोक्ता, म्हणजे खाणारा. पदार्थाचा मूळ स्वभाव हा आठांपैकी केवळ एक घटक आहे. शास्त्र आणि भाषा या दोहोंनी खाणाऱ्याला निर्णयात स्थान दिले आहे. व्यवहारात ते स्थान राहिले काय, हा यापुढचा प्रश्न.

६. समतोलाचा भार कोणावर?

उष्ण-थंडाचे नियम घरातील सर्वांना असतात, परंतु ते सारख्या कठोरपणे लागू होत नाहीत. पुरुषाला बाधणारा पदार्थ तो आपल्या मर्जीने टाळतो किंवा खातो. मासिक पाळी, गरोदरपण आणि बाळंतपण या काळांत स्त्रीसाठी मात्र हेच नियम आज्ञा होतात. परिसरातील ज्येष्ठ स्त्रियांशी बोलताना पुन्हा पुन्हा ऐकू आलेल्या गोष्टी अशा : गरोदरपणी पपई, अंडी, शेंगदाणे उष्ण म्हणून नकोत, बाळंतपणानंतर केळी, ताक, पालेभाज्या थंड म्हणून नकोत. फार खाल्ले तर बाळ मोठे होऊन बाळंतपण अडेल, असेही भय घातले जाते. सव्वा महिना पाणीसुद्धा मोजून देण्याची चाल काही घरांत होती. माझ्या वर्गातील एक विद्यार्थिनी बाळंतपणानंतर परीक्षेस आली तेव्हा तीन तासांत तिला दोनदा चक्कर आली. चौकशी केली असता महिनाभर सकाळ-संध्याकाळ भाकरी आणि लसणाची फोडणी दिलेले पातळ वरण यापलीकडे तिच्या ताटात काही नव्हते, असे कळले. घरच्यांचे तिच्यावर प्रेम नव्हते असे मुळीच नाही. त्यांनी जे केले ते तिच्या जपणुकीसाठीच केले होते.

‘हे शास्त्रात आहे’ या समर्थनाची येथे तपासणी होणे अगत्याचे आहे. चरकाच्या शारीरस्थानातील गर्भिणीचर्या महिन्यानुसार सांगितली आहे. पहिल्या महिन्यात दूध, दुसऱ्यात मधुर औषधींनी सिद्ध केलेले दूध, तिसऱ्यात मध व तूप घातलेले दूध, चौथ्यात दुधापासून काढलेले लोणी, पाचव्यात तूप असा क्रम पुढे चालतो. अति तीक्ष्ण व उष्ण पदार्थ टाळण्यास ग्रंथ सांगतो हे खरे. पण तो आहार तोडत नाही, उलट तो वाढवतो. याहून महत्त्वाचा आहे डोहाळ्यांचा विचार. गर्भिणीला दोन हृदये असतात, म्हणून तिची इच्छा डावलू नये, अशी भूमिका चरक व सुश्रुत दोघांचीही आहे. तीव्र इच्छा झाल्यास अहितकर वस्तूसुद्धा हितकर वस्तूबरोबर मिसळून द्यावी, असे चरक म्हणतो. आपण डोहाळजेवण साजरे करतो, ओटी भरतो, गाणी म्हणतो. आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या ताटातील पदार्थ एकेक करून कमी करतो. समारंभ शिल्लक राहिला, आशय निसटला, असे खेदाने म्हणावे लागते.

याचा अर्थ सर्व लोकाचार टाकाऊ आहेत असा नाही. पपईचेच उदाहरण पाहू. कच्च्या पपईतील चिकामुळे गर्भाशयाचे आकुंचन होते आणि पिकलेल्या पपईने तसे होत नाही, असा निष्कर्ष उंदरांवरील प्रयोगांतून २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे निषेधाच्या मुळाशी निरीक्षण असू शकते. पुढे तो कच्चे-पिकले हा भेद विसरून सरसकट झाला. बाळंतिणीला दिले जाणारे डिंकाचे व अळिवाचे लाडू, खारीक-खोबरे ही तर पोषणाची उत्तम परंपरा आहे. परंतु ते जिन्नस ज्या घरांना परवडतात तेथे ‘उष्ण द्या’ या नियमाचा अर्थ लाडू असा होतो. ज्या घरांत ते परवडत नाहीत तेथे ‘थंड देऊ नका’ एवढाच अर्धा नियम शिल्लक राहतो. एकच तत्त्व सुखवस्तू घरात पोषण ठरते आणि गरीब घरात उपासमार. कोलाम हा महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिम समूहांपैकी एक. त्यांच्या वस्त्यांमध्ये या फरकाचे मोल अधिकच मोठे आहे.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याची कारणे दारिद्र्य, श्रम, वारंवारची बाळंतपणे अशी अनेक आहेत. उष्ण-थंडाला एकट्याला दोषी धरणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या काळात लोह आणि प्रथिनांची गरज सर्वाधिक असते, नेमक्या त्याच काळात अंडी, शेंगदाणे आणि पालेभाज्या ताटातून जाव्यात, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांसाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. तिच्यात एक वेळचे चौरस जेवण आणि त्यासोबत अंडे किंवा केळी यांचा समावेश करण्यात आला. शासनाने प्रथिनांचा विचार केला, आणि सासूने अंडे उष्ण व केळे थंड म्हणून दोन्ही बाजूला ठेवले, तर योजनेचा हेतू अंगणवाडीच्या दारातच थांबतो. आहाराचा इतिहास न जाणता आहाराची योजना करता येत नाही, हा धडा यातून घेता येईल.

७. बदलता आहार आणि नवा समतोल

गेल्या काही दशकांत या परिसरातील शेती आणि ताट दोन्ही बदलले. ज्वारीची जागा शेतात कापूस आणि सोयाबीनने घेतली. रेशनचा गहू आणि तांदूळ घराघरांत आला. मुकुटबनच्या आसपास उद्योग उभे राहिले आणि पाळ्यांमध्ये काम करणारा नवा वर्ग निर्माण झाला. आंबिलीच्या जागी बाटलीतील शीतपेय आले. ते स्पर्शाला थंड असते, म्हणून गुणानेही थंड समजले जाते. जुन्या परिभाषेत ‘थंड’ हा शब्द पदार्थाच्या परिणामाचा होता. नव्या परिभाषेत तो तापमानाचा झाला. शब्द तोच राहिला आणि अर्थ हरवला. यिन-यांगच्या तक्त्यांनुसार आहार घ्यावा असे सांगणारे शहरी लेखन याच पोकळीत शिरले आहे. त्यात चिनी विचाराचे गतिमान रूप क्वचितच उतरते. उतरते ती पुन्हा एकदा पदार्थांची ठोकळेबाज यादी.

निष्कर्ष

१. मराठी समाजातील उष्ण-थंड ही कल्पना यिन-यांगशी साम्य दाखवत असली तरी ती तेथून आलेली नाही. तिचे शास्त्रीय मूळ अग्नी-सोम व वीर्यविचारात आहे. तीन दोषांचा विचार दोनांवर येण्यामागे आयुर्वेद व युनानी यांचे दख्खनमधील दीर्घ सहअस्तित्व कारणीभूत झाले असावे.

२. दही, गहू, पपई आणि उन्हाळी पेये या चार उदाहरणांवरून असे दिसून येते, की लोकांतील निवाडे ग्रंथांची नक्कल नाहीत. सवय, श्रम आणि नव्या पदार्थांचा अनुभव यांतून ते घडत आले. म्हणून ‘शास्त्रात आहे’ हे त्यांचे समर्थन इतिहासाला धरून नाही.

३. ‘मानवणे’ हे क्रियापद आणि ‘उपयोक्ता’ ही संज्ञा खाणाऱ्याच्या स्वानुभवाला प्रमाण मानतात. स्त्रीच्या बाबतीत, विशेषतः गरोदरपणी व बाळंतपणी, व्यवहाराने हा अधिकार तिच्याकडून काढून घेतला.

४. पोषणविषयक कार्यक्रमांनी या कल्पनेला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारण्याऐवजी तिच्याच भाषेत संवाद साधावा. ज्या चौकटीने पपई, मिरची आणि चहा सामावून घेतले ती चौकट बदलू शकते, याचा पुरावा तिच्या इतिहासातच आहे.

अशा संवादाची सुरुवात कठीण नाही. बाळंतिणीच्या खाटेपाशी बसून ‘हे उष्ण, ते थंड’ असे तिला सांगण्याऐवजी ‘तुला काय मानवते?’ असे विचारावे. हा प्रश्न मराठी भाषेने पूर्वीच घडवून ठेवला आहे. तो तिला विचारला जावा, एवढेच उरले आहे.